चाकांवरचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण ज्याला एका गावी घर नाही अशा भटक्या जीवाला उद्देशून वापरतो. पण विंचवाची मादी पाठीवरून जे नेते ते घर नव्हे की सामान नव्हे. ती तिची पिल्ले असतात. अमेरिकेत उन्हाळ्याच्या सुट्टीत हमरस्त्यांवरून जी अवाढव्य पांढरी बिऱ्हाडे धावताना दिसतात, ती पाहताना मला म्हणीचा हा मूळ अर्थ आठवतो. आत स्वयंपाकघर असते, न्हाणीघर असते, गाद्यागिरद्या असतात. पण मुख्य म्हणजे माणसे असतात, आणि आपल्या लोकांचे बिऱ्हाड असेल तर बहुधा तीन पिढ्यांची.

या सदराच्या वाचकांपैकी कितीतरी घरांतले मुलगे-मुली आज तिकडे आहेत. मार्च-एप्रिलच्या सुमारास तिकडून फोन येतो, ‘‘आईबाबा, या वेळी हॉटेलं नकोत. घरच घेऊन फिरू.’’ इकडे आनंदाला पारावार राहत नाही. मग दोन दिवसांनी कुणीतरी अनुभवी गृहस्थ भेटतात आणि हळूच सांगतात, ‘‘गाडी फार डुलते हो ती! आमची ही तर डोळे मिटूनच बसली होती.’’

डुलते हे खरे. का डुलते, आणि डुलू नये म्हणून काय करावे, एवढाच आजचा विषय. मराठीच्या मास्तराने मोटारीविषयी लिहावे हा अव्यापारेषु व्यापार आहे असे कुणी म्हणेल. परंतु २०२४ च्या मे महिन्यात मी, माझी आई, ताई, भावोजी आणि भाचा असे पाच जण अशाच एका भाड्याच्या गाडीतून सॅन होजेहून ग्रँड कॅन्यनला जाऊन आलो. जाऊन येऊन दीड हजार मैल. भाचा यंत्रशास्त्राचा पदवीधर. तो चालवीत होता आणि मी शेजारी बसून प्रश्न विचारीत होतो. मास्तरांना विद्यार्थी होण्याची संधी क्वचितच मिळते. ती मी सोडली नाही.

या गाडीला तिकडे ‘मोटरहोम’ म्हणतात. आपण मोटारघर म्हणू. कल्पना जुनी आहे. १९१० साली पिअर्स-ॲरो कंपनीने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झोपण्याची सोय असलेली मोटार मांडली होती. पुढे १९६६ पासून आयोवा राज्यातल्या विनेबागो कंपनीने कारखान्यात रांगेने मोटारघरे तयार करायला सुरुवात केली आणि ही चैन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. भाड्याने मिळणारी मोटारघरे पुष्कळदा फोर्डच्या ई-४५० या सांगाड्यावर उभारलेली असतात. म्हणजे पुढे मालमोटारीचे डोके, खाली मालमोटारीचे पाटे, आणि वर सुताराने बांधलेली खोली. गाडी आणि घर यांचे हे लग्न जुळवून आणलेले आहे. त्यात कुरबूर व्हायचीच.

ही कुरबूर मिटविण्यासाठी तिकडे असंख्य वस्तू विकत मिळतात, आणि नवा मालक पहिल्या सहलीहून परतला की तडक दुकान गाठतो. माझ्या भाच्याचे मत वेगळे होते, आणि प्रवासाअंती ते मला पूर्ण पटले. गाडी रस्त्यावर कशी वागणार हे बव्हंशी ती अंगणात उभी असतानाच ठरते. कोणते ओझे कुठे ठेवले आणि टायरांत हवा किती भरली, या दोन गोष्टींवर.

आपल्या गाडीवानांना हे शास्त्र न शिकता येत होते. बैलगाडीत मागे जास्त माल पडला की जू वर उचलले जाते. त्याला ‘गाडी उलाळ झाली’ म्हणतात. पुढे जास्त पडला तर गाडी ‘धुरजड’ होते आणि बैलांच्या माना मोडतात. मोटारघराला उलाळ होण्याची खोड जन्मतःच असते, कारण मागच्या आसाच्या मागे त्याची बरीच मोठी शेपटी असते, आणि सामानाचा मोठा कप्पा नेमका त्या शेपटीत केलेला असतो. समजा, पुढच्या आणि मागच्या आसांत पाच मीटर अंतर आहे आणि मागच्या आसाच्या अडीच मीटर मागे आपण १०० किलोचे सामान ठेवले. मागच्या आसावर किती वजन वाढेल? १०० नव्हे, १५० किलो! कारण तराजूच्या दांडीप्रमाणे पुढचा आस ५० किलोने हलका होतो. आणि पुढची चाके हलकी झाली की त्यांची रस्त्यावरची पकड सैल होते. गाडी सरळ चालेनाशी होते, चालकाला सारखे स्टिअरिंग इकडे-तिकडे करावे लागते. ‘गाडी हातात राहत नाही’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ बरेचदा या शेपटीतल्या ट्रंकांमध्ये असते.

गाडी पसंत करतानाच पाहण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे. दोन आसांतले अंतर आणि गाडीची एकूण लांबी यांचे प्रमाण काढावे. लांबी ३० फूट आणि आसांतले अंतर १८ फूट असेल तर प्रमाण ६० टक्के, उत्तम. ते निम्म्याच्या आसपास आले तर शेपटी कुत्र्याला हलवू लागते. इंचपट्टी घेऊन दोन मिनिटांत होणारे हे काम, पण सगळे आधी आतल्या पडद्यांचा रंग पाहतात.

आता आमच्या सामानाविषयी. मराठी माणूस परदेशात प्रवासाला निघाला की त्याला वाटेत दुष्काळ पडणार आहे अशी खात्री असते. ताईने आंबेमोहोराची दहा किलोची पिशवी, दोन कुकर, पोह्यांचा डबा, लोणच्याच्या बरण्या आणि बिडाचा तवा, हे सारे पलंगावरच्या माळ्यांत रचून ठेवले होते. का तर खाली वाकावे लागू नये म्हणून.

‘‘मावशीआजीला वाकता येत नाही म्हणून वर ठेवलंय का हे?’’ भाच्याने विचारले.

‘‘मावशीआजी कुठली इथे? मलाच वाकवत नाही आता,’’ ताई म्हणाली.

वादात भाचाच जिंकला. माळ्यावर फक्त उश्या, पांघरुणे, पोळ्यांचे कागद आणि चिवडा राहिला. कुकर-तवे-तांदूळ मेजाखालच्या पेटीत, दोन आसांच्या मध्ये, जमिनीलगत गेले. जड ते खाली आणि मधोमध, हलके ते वर: हा नियम सांगायला सोपा आहे, पण पाळायला कुणा बाईला वाकावे लागते हेही नमूद केले पाहिजे. (परतीच्या प्रवासात वाकण्याचे काम भावोजींकडे आले. तेही न्याय्यच झाले.)

पाण्याचा हिशेब तर कुणीच धरत नाही. लिटरला एक किलो, इतके सोपे गणित. तरी टाकीत १५० लिटर पाणी भरले म्हणजे आपण दोन धट्टीकट्टी माणसे गाडीत घेतली असे कुणाच्या मनात येत नाही. तिकडच्या कायद्याप्रमाणे मोटारघराच्या दारापाशी एक चिठ्ठी चिकटवलेली असते. माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल आणि भरलेल्या टाकीचे पाणी किती भरते, हे तीत लिहिलेले असते. अर्धवट भरलेली टाकी वळणावर हिंदकळते, तेव्हा ती भरावी तर पुरती, नाहीतर थोडके पाणी घेऊन मुक्कामी भरावी. सांडपाण्याच्या टाक्या मात्र निघण्यापूर्वी रिकाम्या कराव्यात. घाण पाण्याला फुकट सहल घडविण्याचे कारण नाही.

अंदाजाने हे सारे जमते असे वाटते, जमत नाही. तोलून पाहावे लागते. आपल्याकडे साखर कारखान्याच्या आणि मार्केट यार्डाच्या दाराशी जसा भुईकाटा असतो, तसे काटे तिकडे मालमोटारींच्या थांब्यांवर असतात आणि खाजगी गाड्यांनाही मुभा असते. पुढचा आस एका पत्र्यावर, मागचा दुसऱ्यावर, आणि दोन्हींचे आकडे वेगवेगळे छापून मिळतात. आमच्या गाडीला एकूण सुमारे ६,५७७ किलोची मर्यादा होती. पहिल्या तोलात पुढे १,९०० आणि मागे ४,२५० किलो भरले. एकूण मर्यादेच्या आत. पण मागचा आस आपल्या मर्यादेपासून फक्त शंभर किलोंवर. मग तिथेच, मालमोटारवाल्यांच्या कौतुकमिश्रित नजरांसमोर, शेपटीतल्या कप्प्यातून सुमारे १०० किलो सामान काढून मेजाखाली आणि बाकांच्या पेट्यांत हलविले. पुन्हा तोलले: पुढे २,०००, मागे ४,१५०. एक छटाकही सामान कमी केले नव्हते. पण हमरस्त्यावर लागताच भाचा म्हणाला, ‘‘मामा, आता जरा गाडीशी बोलता येतंय.’’

हवेची कथा याहून करुण आहे. गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या माणसाने ‘सगळं तपासलंय’ असे हसतमुखाने सांगितले होते. दारावरच्या चिठ्ठीत पुढच्या टायरांना ६५ पौंड हवा लिहिली होती. मोजली तर ८०! टायरच्या अंगावर जो मोठा आकडा कोरलेला असतो तो कमाल मर्यादेचा, पण घाईचा माणूस तोच भरून मोकळा होतो. फाजील हवेने टायर टणक होतो, रस्त्याला कमी टेकतो, आणि आधीच हलके झालेले पुढचे अंग खड्याखड्यावरून उड्या मारू लागते. मागे उलटा प्रकार. तिथे दोन-दोन टायर जोडीने असतात. बाहेरच्यांत ८० पौंड आणि आतल्या एकात जेमतेम ५२. आतल्या टायरचे तोंड सहज हाताला लागत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी पाहत नाही. एकत्र कुटुंबातल्या मधल्या सुनेसारखी त्याची अवस्था! तो निम्म्या पोटी आपला भार शेजाऱ्यावर टाकतो, दोघेही तापतात, आणि भर उन्हात एखादा फुटतो. तेव्हा हवा स्वतःच्या मापकाने, टायर गार असताना, सकाळी निघण्यापूर्वी मोजावी. टायरचे वयही पाहावे. बाजूवर ‘डी.ओ.टी.’ या अक्षरांपुढे शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला. मोटारघर वर्षातून महिनाभर चालते आणि अकरा महिने उन्हात उभे असते. नक्षी कोरी करकरीत दिसते, पण रबर म्हातारे झालेले असते. पाच वर्षांनंतर दर वर्षी टायर जाणत्याकडून तपासावा आणि दहा वर्षांपुढे तो वापरूच नये, असे मिशेलिनसारखे कारखानदार सांगतात.

एवढी तयारी केल्यावर वारा राहतोच. त्याला तोलण्याचा काटा नाही. शेजारून मोठी मालमोटार पुढे जाऊ लागली की तिच्या नाकाने लोटलेली हवा आधी आपल्याला बाहेर ढकलते, आणि ती बरोबरीला आली की मधली हवा विरळ होऊन आपण तिच्याकडे ओढले जातो. नवखा चालक ढकलल्याबरोबर उलट दिशेने जोरात चाक फिरवतो, आणि पुढच्याच क्षणी ओढही त्याच दिशेने येते. भाच्याची रीत अशी: आरशात मोटार दिसली की आपल्या पट्ट्यात किंचित बाहेरच्या अंगाला सरकायचे, वेग तोच ठेवायचा, चाक घट्ट न आवळता धरायचे, आणि दृष्टी मालमोटारीकडे नव्हे तर दूर पुढच्या रस्त्यावर. दृष्टी जवळ ठेवली की हात थरथरतात. दूर ठेवली की स्थिरावतात.

पण आडव्या वाऱ्याची गोष्ट निराळी. आमची गाडी २८ फूट लांब. तिची एक बाजू म्हणजे साधारण २० चौरस मीटरची भिंत. ताशी ६५ किलोमीटरच्या वाऱ्याचा अशा भिंतीवर सुमारे ४०० किलो वजनाइतका रेटा पडतो. वारा निम्मा झाला की रेटा चौथाई होतो. पण वारा दीडपट झाला की रेटा सव्वादोनपट! म्हणूनच वायोमिंग राज्यात लॅरमी ते रॉलिन्स या टापूत वारा माजला की ८० क्रमांकाचा हमरस्ता उंच आणि हलक्या गाड्यांना बंद करतात, साध्या मोटारी मात्र जाऊ देतात.

आमच्या वाटेवर बेकर्सफील्डच्या पुढे टेहाचापीची खिंड होती. तिथल्या डोंगरउतारांवर पवनचक्क्यांची रानेच्या राने उभी आहेत. आणि पवनचक्क्या कुणी हौसेने कुठेही उभारीत नाही, हे समजायला यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही. दुपारचे चार वाजले होते. डोंगराच्या आडोशाने गाडी शांत चालली होती. पण कापलेली कडा संपून मोकळवण आली की कुणीतरी खांद्याने धक्का द्यावा तशी ती हातभर बाजूला सरके. दोनदा झाले. तिसऱ्यांदा मेजावरचा पेला खाली पडला. रस्त्याकडेला जोराच्या वाऱ्याची सूचना देणारी पाटी होती.

भाच्याने टेहाचापी गावाचे वळण घेऊन गाडी थांबविली. पुढे ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर मॅदर कॅम्पग्राउंडची जागा आगाऊ पैसे भरून धरलेली. एक रात्र इथे काढली तर तिथली एक रात्र बुडणार. अशा जागा काही महिने आधी धराव्या लागतात. भावोजींचे म्हणणे, वेग कमी करून हळूहळू निघावे. ते सर्वस्वी चूक नव्हते. वेग कमी केल्याने गाडी सावरायला अवधी मिळतोच. पण वाऱ्याचा आडवा रेटा आपण हळू गेलो म्हणून जात नाही. गाडी उभी असली तरी तो बसतोच. ताई गप्प होती. भाचा स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता, आणि त्याचा चेहरा पाहून माझ्या ध्यानात आले की पाच जणांचे ओझे आसांवर नसून त्या तिशीतल्या पोराच्या मनगटांवर आहे. आणि त्याच्या वडिलांसमोर ‘मला भीती वाटते’ असे म्हणायला तो धजत नाही.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिने पडलेला पेला उचलला, पुसला आणि म्हणाली, ‘‘दरी काय उद्या बुजणार आहे होय रे? मी भात टाकत्ये.’’

विषय मिटला. रात्री गाडी आम्ही एका दुकानाच्या उंच भिंतीच्या आडोशाला, मालकाला विचारून, वाऱ्याकडे तोंड करून उभी केली. बाजूच्या भिंतीपेक्षा नाकाचा आकार वाऱ्याला कितीतरी कमी सापडतो. पहाटे वारा पडला होता. मोहावी, बार्स्टो आणि पुढचे सारे वाळवंट आम्ही उन्हे चढण्यापूर्वी निम्मे ओलांडले.

चालविण्याबाबत दोन शब्द. ताशी ६० मैलांऐवजी ७५ ने जाऊ म्हटले तर गाडीच्या अंगातला जोर दीडपटीहून अधिक होतो आणि थांबायला अंतरही त्या मानाने जास्त लागते. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून राहू नये. ब्रेक तापून निकामी होतात. खालच्या गिअरमध्ये एंजिनलाच गाडी धरू द्यावी. फोर्डच्या गाडीत त्यासाठी एक बटणही असते. आणि वळताना शेपटी उलट दिशेला बाहेर येते हे विसरू नये. पेट्रोलपंपांवरचे कितीतरी खांब याची साक्ष देतील.

आता ते दुकान. वजन, हवा आणि वेग साधल्यावरही गाडी भरकटत असेल तर आधी चाकांची ठेवण तपासून घ्यावी, आणि तीही गाडी नेहमीच्या सामानानिशी भरलेली असताना. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो, म्हणून सराईत पोरगा हात सोडून ती चालवू शकतो. मोटारीतही असाच कल असतो, त्याला ‘कॅस्टर’ म्हणतात. तो पुरेसा असला की चाके आपणहून सरळ होऊ पाहतात. मागे फार वजन घातले की नाक वर जाते आणि या कोनांचे गणित बिघडते. त्यानंतर शॉकॲब्सॉर्बर, ते थकले की गाडी एका धक्क्याने चारदा झुलते. डोलणे कमी करायला दोन्ही बाजू बांधणारी जाड दांडी, म्हणजे अँटीरोल बार, खरोखरच उपयोगी पडते. आणि मागचा आस आडवा सरकू न देणारी दांडी मिळते, तीही वाऱ्यात गुण देते. स्टिअरिंगला लावायचे जे दमदार नळकांडे मोठ्या जाहिरातीने विकतात, ते हातांना आराम देते. पण मूळ दोष झाकून ठेवते. ताप उतरविण्याचे औषध आणि रोगाचे औषध यांत जो फरक, तोच इथे. मी तरी ते सर्वांत शेवटी घेईन.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि आपल्याकडेही अशी बिऱ्हाडे भाड्याने मिळू लागली आहेत. ती आकाराने बहुधा लहान असतात. पण कोकणातल्या घाटात वळणामागून वळण येते तेव्हा माळ्यावरचा कुकर तितकाच जड असतो. भुईकाट्यांची तर आपल्याकडे वाण नाही. उसाच्या गाड्यांमागे रांगेत उभे राहायला लाज वाटू नये, इतकेच.

शेवटी बसण्याविषयी. मागचा पलंग पाहून प्रत्येक आजीला वाटते की आपण आडवे व्हावे आणि मुक्काम आला की उठावे. तसे करू देऊ नये. पलंगाला पट्टा नसतो आणि शेपटीच्या टोकाला झोके सर्वांत मोठे बसतात. आईची जागा आम्ही मेजापाशी, तोंड पुढे असलेल्या बाकावर, खिडकीलगत ठरविली. कमरेला आणि खांद्याला पट्टा, पाठीला उशी. दीड हजार मैलांत तिने दोनदाच तक्रार केली. दोन्ही वेळा चहाबद्दल.